अकरा ग्रॅमची परी

गोडांबे साहेब माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, दर विचारला नाही, काम काय आहे तेही सांगितलं नाही. दारात उभे राहून म्हणाले, “‘पऱ्या’ टाइप करून दाखवा.”

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं डीटीपीचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि प्रकाशकांनी आणून टाकलेले हस्तलिखितांचे गठ्ठे. दारातला माणूस सहा फूट उंच, अंगाने भरभक्कम, झुपकेदार पांढऱ्या मिशा, बदामी सफारी. मला वाटलं, कुठल्यातरी सरकारी खात्यातून तपासणी आली. मी निमूटपणे टाइप केलं. ते टेबलाला वळसा घालून आले आणि पडद्यावर वाकले.

“हे काय आहे?”

“पऱ्या.”

“हे ‘पर्या’ आहे. ‘पर्याय’ लिहिता लिहिता वीज गेलेली दिसते.”

माझ्याकडच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नीट उमटत नसे. अर्धा र शेजारी बसायचा सोडून डोक्यावर चढायचा. मी बरीच खटपट केली, तीन-चार फॉन्ट बदलले, शेवटी जमलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “हं. हे सातवं दुकान.” मग खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून चाळीस पानं काढून माझ्यापुढे ठेवली. ती पऱ्यांवरच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं होती. लहान मुलांसाठी नव्हे. तसं कुणी म्हटलं तर साहेबांना राग येई.

जगन्नाथ गोडांबे हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातले बाजार पालथे घातले. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक ते दुरूनच ओळखायचे म्हणे. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी त्या चालीत काहीतरी शिल्लक होतं. एकदा आम्ही चहाला खाली उतरलो, तर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने त्यांना ओळखत नसतानाही आधी पारडं फडक्याने पुसलं.

अशा माणसाने पऱ्या लिहायच्या म्हणजे त्या वजनासकट लिहायच्या. त्यांची परी अकरा ग्रॅमची. पंखांसकट. चिमणीच्या निम्म्याहून कमी. हे त्यांनी कसं काढलं, तर शहराबाहेर मांजरी गावात कालव्याच्या काठी तासन् तास बसून चतुर किडे उडताना बघितले, एवढ्या पंखांवर एवढं अंग उडतं, मग तेवढ्या पंखांवर किती उडेल, अशी त्रैराशिकं मांडली. घरी सोनाराचा छोटा तराजू होता. त्यात पारिजातकाची फुलं, मेलेला भुंगा, गवताची काडी असं सगळं जोखून झालेलं होतं. एका वहीत प्रत्येक परीचं नाव, उंची, वजन, खाणं आणि स्वभाव. त्यांच्या कादंबरीतली खलनायिकासुद्धा काही चेटूकबिटूक करत नसे. तिचा गुन्हा एकच, ती वजन खोटं सांगायची. बारा ग्रॅमची असून नऊ.

मुद्रितं तपासताना आमचे वाद व्हायचे. मी लिहिलं होतं, “परी भुर्रकन उडाली.”

“भुर्रकन कुठून आलं?”

“तुम्ही नुसतं ‘उडाली’ लिहिलंय. जरा कोरडं वाटलं.”

“भुर्र हा चिमणीचा आवाज. परीचे पंख चतुराच्या जातीचे. आवाज आलाच तर कागद थरथरल्यासारखा येईल. हवेत बोलू नका, नीलाताई.”

ज्यांच्या पुस्तकातलं एकही पात्र जमिनीवर टिकत नसे, ते गृहस्थ मला दिवसातून तीनदा हवेत बोलू नका म्हणायचे. परी गवताच्या पात्यावर बसली की पातं किती वाकलं ते लिहायलाच हवं. परी भिजली की जड झाली पाहिजे, आणि जड झाली की त्या दिवशी तिने उडता कामा नये, मग भले कथेत तिची कितीही वाट बघितली जात असो. त्यामुळे त्यांच्या कादंबरीत पावसाळ्यात काहीच घडत नसे. एका प्रकाशकाने सुचवलं, “साहेब, जरा युद्ध घाला. एखादा ड्रॅगन आणा.” साहेब म्हणाले, “ड्रॅगनचं वजन काढलंय का आपण?” प्रकाशकाने ते काढलेलं नव्हतं. पुस्तक साहेबांनी स्वतःच छापलं. पुढचंही. असं करत सहा झाली.

एकदा मी विचारलं, “साहेब, पण पऱ्याच का?”

त्यांनी हातातलं मुद्रित खाली ठेवलं. मग म्हणाले, “बत्तीस वर्षं मी लोकांना वजन वाढवताना पकडलं. भाजीवर पाणी, धान्यात खडे, मापाला दुहेरी बूड. सगळ्या जगाची धडपड जड होण्याची. मला एक तरी वस्तू अशी हवी होती की जिचं वजन वाढलं तर तिचंच नुकसान होतं. शोधली, मिळाली नाही. म्हणून लिहिली.”

हे सांगून झाल्यावर त्यांना बहुतेक अवघडल्यासारखं झालं, कारण लगेच त्यांनी सतराव्या पानावरचा अनुस्वार काढला.

ते दर बुधवारी यायचे. अकरा वाजता. पत्नी गेल्यापासून ते मुलाकडे मांजरीला, ऊस तोडून उभ्या केलेल्या नव्या सोसायटीत राहत होते. मुलगा आणि सून दोघं हिंजवडीला कामाला, म्हणजे शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला. मुलगा सकाळी सातची कंपनीची बस पकडायचा, तो रात्रीच परतायचा. सुनेचं दोन दिवस घरून काम. साहेब दोन बसगाड्या बदलून माझ्याकडे यायचे, सुंदर वळणदार अक्षरातली पानं द्यायचे, आदल्या बुधवारची मुद्रितं तपासायचे, दोन चहा घ्यायचे आणि तीनला निघायचे. अकरा वर्षांत फार थोडे बुधवार चुकले.

मधल्या काळात माझं काम आटत गेलं. लेखक स्वतःच मोबाइलवर टाइप करू लागले. काही तर नुसतं बोलायचे आणि अक्षरं उमटायची. हस्तलिखिताचा गठ्ठा घेऊन जिना चढणारे साहेब एकटेच उरले. शेवटी गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं, दुकान बंद करायचं. एका बुधवारी त्यांना सांगितलं.

“दिवाळीपर्यंत चालवीन. मग बंद.”

साहेब मुद्रितातून वर न बघता म्हणाले, “ठीक.” थोड्या वेळाने, “यंत्रं विकणार?”

“एक लॅपटॉप ठेवीन. किरकोळ कामं घरून.”

“ठीक,” ते पुन्हा म्हणाले. त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, साहेब रागावले. मलाही थोडा राग आला. म्हटलं, एका माणसासाठी कुणी दुकान चालवतं का? तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा, ऋजुताचा फोन आला. बाबा कालव्याच्या भरावावरून घसरून पडले, उजवं मनगट मोडलं, गुडघ्यालाही मार आहे. “ते तुमचं नाव काढतात, पण फोन करू देत नाहीत. मीच न विचारता करतेय.”

मी दुसऱ्या दिवशी मांजरीला गेले. ऋजुताने दार उघडलं. कानात हेडफोन, एका हाताने मला ‘बसा’ अशी खूण. मीटिंग संपल्यावर पाणी घेऊन आली.

“सॉरी हं. बाबा आत झोपलेत, उठतील पाच मिनिटांत. अ‍ॅक्च्युअली मला तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्याकडे सॉफ्ट कॉपी का चालत नाही?”

“म्हणजे?”

“बाबा सगळं लॅपटॉपवरच लिहितात ना. चार वर्षं झाली, मीच शिकवलं. मस्त स्पीड आहे त्यांचा. मग सोमवार-मंगळवार बसून ते सगळं हाताने कागदावर उतरवून काढतात. मी किती वेळा म्हटलं, मेल करून टाका. तर म्हणतात, त्यांच्याकडची पद्धत तशी आहे.”

मी पाण्याचा पेला हातात धरून बसले. चार वर्षांची पानं डोळ्यांपुढे आली. एकाही पानावर खाडाखोड नव्हती. मी त्याचं श्रेय शिस्तीला दिलं होतं.

ऋजुता माझ्याकडे बघत राहिली. “मी सांगायला नको होतं का?”

“बरं झालं सांगितलंत,” मी म्हटलं. “हो, पद्धत तशीच आहे आमच्याकडे.”

साहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते. हात प्लास्टरमध्ये, मिशा विंचरलेल्या. मला बघून आधी घड्याळाकडे पाहिलं.

“आज गुरुवार आहे,” ते म्हणाले.

“माहीत आहे. पुस्तकाचं काय झालं?”

“चौदावं प्रकरण डोक्यात आहे. कागदावर कसं येणार? हात हा असा.” त्यांनी प्लास्टर किंचित उचलून दाखवलं. पलंगाच्या कडेला घडी केलेली चादर होती आणि तिच्याखालून लॅपटॉपचा कोपरा दिसत होता. त्यांनी डाव्या हाताने चादर सारखी केली.

“मी माझा लॅपटॉप घेऊन येते,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा, मी टाइप करीन.”

“मांजरीपर्यंत?”

“तुम्ही येत होतातच की.”

मग मी बुधवारी जाऊ लागले. साहेब डोळे मिटून सांगायचे. मधेच थांबायचे, कपाळाला आठ्या घालायचे, जणू वाक्य आत्ताच सुचतंय. अभिनय बेताचाच होता. एकदा मात्र ते खरोखरच अडले. एक म्हातारी परी मैत्रिणीच्या घराकडे निघते, वाटेत थकते, आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. दोनदा चुकीचं सांगितलं, दोनदा खोडायला लावलं. चेहरा कावराबावरा झाला. डावा हात चादरीवरून फिरत राहिला. त्यांची मान खाली गेलेली मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितली.

“मी जरा चहाचं बघते,” मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. चहा झाला होता. तरी तिथेच उभी राहिले. खिडकीतून उरलेल्या उसाची पट्टी दिसत होती, ती बघितली. कप विसळले, पुसले, पुन्हा विसळले. आतून लॅपटॉप मिटल्याचा बारीक टक असा आवाज आला, तेव्हा मी कप घेऊन गेले.

“घ्या लिहून,” साहेब म्हणाले आणि दीड पान सलग, एका दमात सांगून टाकलं. विरामचिन्हांसकट.

मी मान वर न करता टाइप करत राहिले.

दुकान दिवाळीत बंद झालं. प्लास्टर त्याआधीच निघालं होतं, पण साहेब म्हणाले, बोटांत अजून जोर नाही. मी म्हटलं, घाई करू नका. थंडी संपता संपता सातवं पुस्तक पुरं झालं. शेवटचं वाक्य सांगून झालं. मी फाइल जतन केली.

“पुढचं काही सुचतंय का?” मी विचारलं.

“सध्या नाही.”

बाहेर कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

“तुम्हाला बुधवारी दुसरी कामं असतील आता,” ते खिडकीकडे बघत म्हणाले.

“नाहीत.”

“टाइप करायला काही नसेल इथे.”

“नसू दे.”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. उजवा. बोटं व्यवस्थित चालत होती. मी ते बघितलं, मी बघितलेलं त्यांनीही बघितलं, आणि हात तसाच मांडीवर ठेवून दिला.

मी लॅपटॉप पिशवीत घातला, चप्पल घातली.

“येते,” मी म्हटलं.

“या,” ते म्हणाले.