ओहोटीचा नारळ

आमचे शेजारी आप्पा ओवरसियर यांच्याकडे कुणी चहाला गेलं, की कप आधी आप्पांच्या हातात जायचा. पितळी नळीतला थर्मामीटर त्यात बुडायचा, पारा स्थिरावेपर्यंत पाहुणा ताटकळायचा, आणि मग आप्पा फर्मावायचे, "घ्या. आता जीभ पोळणार नाही." तोवर चहाचं सरबत झालेलं असायचं.

"अहो, फुंकर मारून प्यायलो असतो की!" म्हणायची सोय नव्हती. उत्तर ठरलेलं, "अंदाज हा आळशाचा धंदा!"

आप्पांचा जन्म कालव्याच्या खात्यात गेला. घाटावरच्या नद्यांचा वेग आणि पाण्याचं तापमान मोजून साहेबाला कळवायचं, हे काम. पेन्शन घेऊन चौलाजवळ आमच्या गावी आले ते घड्याळ आणि थर्मामीटर घेऊनच. साहेब सुटला, पण खाडी सापडली! सकाळी उठून आप्पा गुडघाभर पाण्यात. एका कोळणीनं विचारलंच, "आप्पा, मासा काय तुमचा आकडा इचारून जाल्यात येतो व्हय?"

"विचारत नाही, म्हणूनच फसतो," आप्पा म्हणाले.

वेग मोजायला मात्र नारळ लागायचा. काठावर दोन बांबू रोवलेले. वरच्या बांबूपाशी नारळ सोडायचा आणि घड्याळ हातात धरून, धोतराचा सोगा सावरत, त्याच्याबरोबर खालच्या बांबूपर्यंत धावायचं. लाकडाचा ठोकळा का नको, तर म्हणे नारळ अर्धा बुडतो, त्याला वारा लागत नाही. पटण्यासारखं होतं. पण नारळ माझ्या वाडीतले होते ना!

त्या थर्मामीटरनं एकदाच घात केला, तो आप्पांच्या एकुलत्या एक मुलीच्या, यमूच्या लग्नात. व्याही पलीकडच्या काठावरचे, सोवळ्याचे कडक. ते घंगाळात तांब्या घालणार तोच आप्पा धावले, "थांबा, व्याहीबुवा!" आणि थर्मामीटर पाण्यात.

"सकाळी चिखलात खुपसलेली कांडी आमच्या आंघोळीच्या पाण्यात?" व्याही कडाडले.

लग्न लागलं, पण यमूची माहेरची वाट बंद झाली. तिला धाडत नसत, आणि इकडून तरीतून, होडीवाल्याच्या हाती, पाठवलेली वस्तू तशीच परत यायची. आप्पांची बायको आधीच गेलेली. घरात उरले आप्पा आणि पारा. यमूचा विषय काढला की म्हणायचे, "ओहोटी कधी लागते, बघायला हवं."

पुढे यमूला दिवस गेल्याचं कानावर आलं. सातवा लागला तरी माहेरी धाडायचं नाव नाही. आणि आप्पांचा नारळांचा सपाटा वाढला. शेवटी मी घरात भडकलो, "निवडून मोठा नारळ नेतात! बरं, खालच्या बांबूपाशी अडवावा, तर तेही नाही. जाऊ देतात!"

"देवानं डोळे कशाला दिलेत तुम्हाला?" आमची ही म्हणाली. "ओटीचा नारळ आहे तो. हळदकुंकू मीच लावते. यमूला आई कुठाय?"

"मग तरीतून पाठवा की!"

"परत येतो. पाण्यातून आलेला कुणाचा म्हणून परत करतील? ओहोटीची धार वळणावरून यमूच्या घाटाला कधी लागते, तेच आप्पा बघतायत. आजवरचे सगळे गेले समुद्रात."

मी उठलो. वाडीतला सर्वांत चांगला नारळ काढला, हिनं हळदकुंकू लावलं, आणि खाडीवर गेलो.

यमू पलीकडे धुणं धूत होती. इथून तिथलं माणूस ओळखू येतं, बोललेलं कळत नाही. आप्पांनी नारळ सोडला. खालचा बांबू ओलांडून तो मधोमध गेला आणि तिथंच घोटाळला. "चल रे बाबा, चल!" मी चक्क नारळावर ओरडलो. मग धारेनं त्याला उचललं. यमूनं धुणं टाकलं, पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून तो ओटीत घेतला. कपाळाला लावला. आमच्याकडे तोंड करून वाकून नमस्कार केला.

आप्पांचं धोतर सुटायला आलं होतं. मला भरून आलं होतं, म्हणून उगाच विचारलं, "किती वेळ लागला, आप्पा?"

त्यांनी घड्याळ डोळ्यांशी नेलं, उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा नेलं.

"बघायचं राहिलं हो," ते म्हणाले. मग पलीकडे लागलेली नजर न काढता, हळूच, "अंदाजे सांगू?"