चौदा मिनिटांत रेडिओ

मुकादमांनी रविवारी सकाळी घरीच सराव करायचं ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

मुकादम कामाला होते ते जुने कॉम्प्युटर, टीव्ही, मिक्सर मोडून तांबं, पत्रा, प्लास्टिक वेगळं करणाऱ्या कारखान्यात. "एका नगाला चाळीस मिनिटं? जरा वेग वाढवा," असं साहेब शनिवारी म्हणाले होते. त्यावर मुकादमांनी युक्ती काढली. एकेक वस्तू उघडत बसायचंच नाही. आधी सगळ्यांचे स्क्रू, मग सगळ्यांच्या वायरी, मग उरलेलं. (युक्ती झकास होती, असं त्यांचं स्वतःचं मत.)

बायको बाजारात गेली होती. माळ्यावरचा पंखा, इस्त्री, बंद मिक्सर आणि टेबलावरचा रेडिओ त्यांनी ओळीने मांडला. छप्पन्न मिनिटांत चार डबे भरले. म्हणजे नगाला चौदा मिनिटं!

तेवढ्यात बायको आली. "बाबांचा रेडिओ कुठाय?"

मुकादमांनी पहिल्या डब्याकडे बोट दाखवलं. मग दुसऱ्याकडे. "थोडा त्या तिसऱ्यातही असेल," ते म्हणाले.

"एक वायर सुटली होती. बाबा स्वतःच जोडणार होते, पण तुमचा हात लागावा म्हणून मी ठेवून घेतला होता. बाबांनी पहिल्या पगारातून घेतलाय तो. पाच वाजता न्यायला येतायत."

ती चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं.

पाचपर्यंत मुकादमांनी खूप खटपट केली. रेडिओत इस्त्रीचा दिवा लागला, पण आवाज काही फुटेना. त्यांना मनापासून लाज वाटली.

सासरे आले, डबे पाहिले, चष्मा पुसून सतरंजीवर बसले. "हा स्क्रू माझा. डोकं झिजलंय बघा, मीच झिजवलंय." चाळीस वर्षं ते दरवर्षी तो रेडिओ उघडून साफ करत आले होते. पाऊण तासात रेडिओ बोलू लागला. मग हातासरशी त्यांनी पंखा आणि मिक्सरही चालू करून दिला.

"जावईबापू, जोडण्याजोगं काय ते आधी बघावं. निम्मी मोडतोड वाचते."

सोमवारी मुकादमांनी हे वाक्य साहेबांना स्वतःचं म्हणून ऐकवलं. (मोह आवरला नाही.) साहेब खूश झाले आणि समोर एक बंद टीव्ही ठेवून म्हणाले, "दाखवा करून." मग मात्र खरं सांगावं लागलं.

आता कारखान्याच्या दाराशीच एक टेबल आहे. आलेला नग आधी तिथे जातो, चालण्याजोगा बाजूला निघतो, उरलेलाच मोडायला येतो. काम दुप्पट वेगाने होतं. टेबलावर सासरे बसतात, मुकादम त्यांना नग उचलून देतात.

आणि संध्याकाळी दार उघडता उघडता बायको विचारते, "आज पुन्हा स्क्रू सांडलेत म्हणे? बाबांचा फोन आला होता."