दोन दशांश

निकालाच्या फळ्यावर खेराच्या नावापुढे राज्यघटनेच्या पेपरात वीसपैकी नऊ लिहिले होते, आणि पास व्हायला दहा लागत. तिने चष्मा काढला, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. नऊच.

शेहेचाळिसाव्या वर्षी कायदा शिकायला निघालेली बाई ती. दवाखान्यात इंजेक्शनं देता देता कलमं पाठ करायची. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून दोन दुपारी सुटी दिली होती, पण अट घालून: नापास झालीस तर सुटी बंद. सुटी बंद म्हणजे शिक्षण बंद.

घरी तिचा चेहरा पाहताच नवरा, बेनदहिबा, वरच्या मजल्यावरच्या लखदर मास्तरांना बोलावून घेऊन आला. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं.

"नुसत्या पेपरावर नसतं ते," मास्तर म्हणाले. "पेपराचे साठ टक्के धरतात, वर्गातल्या कामाचे चाळीस. वर्गात किती पडलेत?"

"अकरा."

मास्तरांनी पावाच्या पिशवीवर आकडेमोड केली. "नवाचे पाच पूर्णांक चार. अकराचे चार पूर्णांक चार. झाले नऊ पूर्णांक आठ."

"म्हणजे पास?"

"म्हणजे दोन दशांश कमी."

बेनदहिबाला धीर आला. "एवढंच? एवढं तर भाजीवालासुद्धा वर टाकतो!"

सुटीच्या शुक्रवारी केलेला रव्याचा कुसकुस खेराच्या घशाखाली उतरला नाही. शनिवारी दवाखान्यात तिने एकाच माणसाचा रक्तदाब तीनदा मोजला. तिचा चेहरा बघून तो दर वेळी वाढतच गेला.

रविवारी कॉलेज उघडलं, तो उत्तरपत्रिका दाखवायचा दिवस होता. बेनदहिबा सोबत आला. प्राध्यापक बेलखोजा खेराच्या थोरल्या मुलाच्या वयाचे, अतिशय सज्जन आणि त्याहून काटेकोर.

"उस्ताद, फक्त दोन दशांश हो," खेरा म्हणाली.

"मावशी, मार्क काय मी खिशातून काढून देतो? पण बेरीज पुन्हा करून बघतो. तो तुमचा हक्कच आहे."

ते बोटाने एकेक आकडा मोजत गेले आणि एकदम थांबले. "अरेच्चा! चूक झालीय की माझी."

खेराच्या जिवात जीव आला.

"हे आठच होतात." त्यांनी नऊ खोडून आठ केले. "माफ करा हं."

आता नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. "ते राहू द्या साहेब. पण वर्गातल्या कामाला अकराच कसे? ही तर एक तास चुकवत नाही!"

"हजेरी बघू या." वही उघडली. "नोव्हेंबरात दोनदा गैरहजर."

"लेकीचं बाळंतपण होतं!"

"डॉक्टरांचा दाखला?"

"दाखला कशाला? नातूच आणून दाखवतो!"

"दाखला नसला की एक मार्क जातो. कापायचा राहूनच गेला होता," बेलखोजा अकराचे दहा करत म्हणाले. "बरं झालं आठवण केलीत."

खेराने मनात हिशोब केला. आठ पूर्णांक आठ! तिने नवऱ्याची बाही ओढली. "चल बाहेर. अजून पाच मिनिटं थांबलो तर हा मला बालवाडीत बसवेल."

आता फेरपरीक्षेला नाव नोंदवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खाली कार्यालयातल्या बाईंनी यादी वर-खाली चाळली.

"तुमचं नाव यात नाहीच. तुम्ही पास आहात."

"राज्यघटनेत नापास आहे ना मी!"

"एका विषयाचं काय घेऊन बसलात? सगळ्या विषयांची मिळून सरासरी काढतात. ती दहाच्या वर गेली की सत्र पास, मग एखादा विषय खाली असला तरी भरून निघतो. तुमची सव्वादहा होती."

"होती?" बेनदहिबाने विचारलं.

"वरून सरांनी आत्ताच नवे मार्क पाठवलेत वाटतं." बाई कॉम्प्युटरकडे बघत राहिल्या. खेराने टेबलाची कड घट्ट धरली. "राज्यघटनेला वजन दुप्पट आहे ना, त्यामुळे खाली आली. दहा पूर्णांक शून्य पाच. तरी पास आहात."

नवरा-बायको बाहेर पडून सुस्कारा टाकतात तोच जिन्यावरून हाक आली. "मावशी! अहो मावशी, थांबा!" बेलखोजा हातात एक कागद नाचवत दोन-दोन पायऱ्या उतरत होते.

"अजून काहीतरी सापडलं त्याला," बेनदहिबा म्हणाला. "पळ!"

गुडघे दुखतात हे खेरा त्या घटकेला साफ विसरली. दोघं आवारातून धावत सुटली आणि समोर आलेल्या ट्राममध्ये घुसली. दारं बंद झाली. बेलखोजा काचेपलीकडे धापा टाकत कागद दाखवत होते, काहीतरी ओरडत होते. बेनदहिबाने छातीवर हात ठेवून मान लववली. "राहू द्या साहेब! आहे तेवढं पुष्कळ आहे!"

मंगळवारी फळ्यावर सुधारित यादी लागली. खेराच्या नावापुढे राज्यघटनेच्या पेपरात बारा होते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पुरवणी सापडली.' सरासरी साडेदहाच्याही वर गेली होती.

बेनदहिबा ओशाळला. "बिचारा तेवढ्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावत आला होता गं. वरच असेल आत्ता. जाऊन आभार तरी मान त्याचे."

खेरा तोवर फाटकाकडे चालायला लागली होती.

"नको रे बाबा," ती मागे न बघता म्हणाली. "आभार मानायला गेले, तर पुन्हा मोजायला बसेल तो!"