बर्फावरचं रक्त

आमच्या लातूरच्या दवाखान्यात रक्ताची नळी घेऊन लॅबकडे चालत जाणं हा गुन्हा आहे. पळत जायचं. चालताना दिसलात की लॅबचे वाघमारेमामा खिडकीतून ओरडतात, "सिस्टर, वरातीत निघालाव का? रगत नळीत बी थांबत न्हाई, आकडा बदलतो!" मग नळी हिसकावून घेतात आणि आपल्या जेवणाच्या डब्यात भरलेल्या बर्फात खुपसतात. भाकरी कशात आणतात, कुणास ठाऊक.

माझं त्यांच्याशी कधीच पटलं नाही. वीस वर्षं सुया टोचणाऱ्या बाईला रक्त कसं काढायचं ते शिकवतो हा माणूस!

देवणीचे माधवबाबा आले तेव्हा तर कडेलोट झाला. त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती, ती बदलली. अशा ऑपरेशननंतर कधीकधी आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते आतल्या आत मरायला लागतं. रक्तातलं लॅक्टेट चढलं की संशय घ्यायचा. दुसऱ्या दिवशी ते चढलेलं आलं. मामा थेट आयसीयूच्या दारात. "दंडाला पट्टा आवळून काढलं ना? वर मूठ दाबायला लावली? असा आकडा खोटाच चढतो! परत काढा!"

पट्टा मीच बांधला होता. चूक माझी, म्हणून राग दुप्पट. दुपारपर्यंत तीनदा काढलं, पट्ट्याशिवाय. तरी आकडा चढतच गेला.

डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळच्या राउंडला बघू."

मामांनी तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर आपटल्या. "एका आकड्यावर मी बी इस्वास ठेवत न्हाई. पण हे तीन हायत, सायेब, अन् चढायलेत!"

"तुम्ही रिपोर्ट द्या. डॉक्टरकी आम्ही करतो."

"मग करा की!"

डॉक्टर लालबुंद झाले, पण उठले. दुर्बीण घालून आत पाहिलं तर आतड्याचा एक तुकडा काळा पडलेला. लगेच पुन्हा ऑपरेशन केलं आणि बाबा वाचले. मला मामांचा आणखीच राग आला, कारण माणूस बरोबर निघाला होता.

घरी जायच्या दिवशी बाबांना मी मुद्दाम लॅबच्या खिडकीशी नेलं. "मामा, हे तुमचं लॅक्टेट."

इतकी वर्षं मामांनी नळ्याच पाहिलेल्या. त्यांची नजर बाबांच्या हातावर गेली. दंडापासून मनगटापर्यंत निळंकाळं.

"किती टोचलंय हे! कुणी सांगितलं..." आणि थांबले. सांगितलं त्यांनीच होतं.

"लई दुखलं का, बाबा?"

"न्हाई. तुमी कोण?"

मामांनी बाबांच्या सदऱ्याची बाही हळूच मनगटापर्यंत ओढली, बटण लावलं आणि तसाच हात धरून उभे राहिले.