फटीतला उजेड

"जावईबापू, आज ती जोडी जोडून टाका," सासरे चपला घालत म्हणाले. "मी तारा घेऊन येतो. हत्यार कुठलं घ्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

एवढं बोलून ते कारखान्याच्या पायऱ्या उतरले. सासरे रागावले की ओरडत नसत. उलट त्यांचं अहो-जाहो जास्त मऊ होत जाई, आणि त्यानेच समोरच्याला घाम फुटे. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून जावई इथे गिटारी बनवायला शिकत होता. "जोड जमला तर तुम्ही इथले. नाहीतर तुमची खुर्ची तिकडे अजून रिकामीच असेल," असं त्यांनी कालच अगदी प्रेमाने सांगितलं होतं.

जोडी म्हणजे गिटारीच्या दर्शनी भागाच्या, देवदाराच्या दोन पातळ फळ्या. एकाच ओंडक्यातून चिरलेल्या आणि सासऱ्यांनी स्वतःच्या गिटारीसाठी लेकीच्या लग्नाआधीपासून जपलेल्या. दोन्हींच्या कडा इतक्या सरळ हव्यात, की एकमेकींना टेकवून खिडकीसमोर धरल्या तर मधून उजेडाची रेघही दिसू नये. मग सरस लावून चिकटवायच्या.

भिंतीवर सासऱ्यांचा लांब रंधा होता. खरं तर काम त्याचंच. पण त्याला हात लावायची हिंमत आजवर सासूबाईंचीही झाली नव्हती. कोपऱ्यात रंध्याचं मशीन होतं, ते नुसतं सुरू केलं तरी जावई आधी स्वतःची बोटं चाचपून बघे. त्याने काचेवर चिकटवलेला पॉलिशपेपर निवडला. कागद बिचारा काय वाकडं करणार?

बराच वेळ घासून त्याने फळ्या खिडकीसमोर धरल्या. मधे अंधार, पण दोन्ही टोकांना लख्ख उजेड. कागदाने टोकं गोल केली होती.

मग त्याने स्वतःचा आखूड रंधा घेतला. टोकं सरळ झाली आणि मधे खड्डा पडला. खड्डा घालवायला टोकं तासली, टोकं तासताना मधला भाग फुगला. दर खेपेला उजेड जागा बदलून त्याच्याकडे बघत होता, आणि टेबलाखाली सालपटांचा ढीग वाढत होता. इतक्यात बायकोचा फोन आला.

"अरे, बाबा पोचले का? तारांच्या दुकानातून केव्हाचे निघालेत."

"केव्हाचे म्हणजे?"

"म्हणजे आत्तापर्यंत यायला हवे होते. तुझा आवाज असा का येतोय?"

त्याची पाचावर धारण बसली. आता विचार करायला सवड नव्हती. त्याने मशीन सुरू केलं आणि जीव मुठीत धरून फळ्या आत सरकवल्या. खाडकन आवाज झाला. फळीच्या कोपऱ्याची चांगली बोटभर ढलपी उडून सरसाच्या भांड्यात पडली.

ढलपीची खोच घालवायची, तर अख्खी कड तेवढीच तासणं भाग होतं. ते काम एकाच हत्याराचं होतं. त्याने भिंतीवरचा लांब रंधा उतरवला. रंधा सरसर चालला. खोच संपली तेव्हा शेवटचं सालपट या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघालं. फळ्या खिडकीसमोर धरल्या. कुठेच उजेड नव्हता. त्याला रडूच यायचं बाकी होतं. मग त्याचं लक्ष फळ्यांच्या रुंदीकडे गेलं, आणि खरंच रडू यायला लागलं.

मोकळ्या हवेसाठी त्याने दार उघडलं. पायरीवर तारांची पिशवी मांडीवर घेऊन सासरे बसले होते.

"बाबा, तुम्ही कधी आलात?"

"झाला बराच वेळ. उरकलं का?"

"उरकलं. म्हणजे..."

"मग येऊ आत?"

स्वतःच्याच कारखान्यात यायला सासरे परवानगी मागत होते. त्यांनी फळ्या खिडकीसमोर धरल्या, बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली. मग मोठ्या गिटारीचा साचा वर ठेवला. तो दोन्हीकडून बाहेर आला.

"मला तुमच्या रंध्याची भीती वाटली," जावई कसाबसा म्हणाला. "म्हणून बाकीचं सगळं आधी वापरलं."

सासरे स्टुलावर टेकले. "मला या लाकडाची वाटते. दरवर्षी काढतो, पुसतो, परत ठेवतो. आज म्हटलं, तुमच्यावर ढकलावं. मशीन सुरू झालं तेव्हा मी बाहेर कानांत बोटं घालून बसलो होतो."

त्यांनी छोट्या गिटारीचा साचा ठेवला. तो चपखल बसला. सासऱ्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"छोटी तर छोटी. आता हिची भीती वाटत नाही."

"म्हणजे मी इथलाच?"

"इथलेच. उद्या माळ्यावरची दुसरी जोडी काढा. हिच्याहून जुनी आहे."

जावयाने माळ्याकडे बघितलं. "पण बाबा, उद्या तुम्ही असाल ना?"

"उद्या मला दिवसभर बाहेर काम आहे," सासरे त्याच्याकडे न बघता म्हणाले.