आजोबांना बाहेर काढा

"बाळ झोपलं तरच तपासणी," मशीनवाल्या ताईंनी इवलासा मास्क दाखवत सांगितलं. "हा नाकातोंडावर ठेवून दहा मिनिटं श्वास मोजायचे. रडण्याचं माप आमच्याकडे नाही. आज जमलं नाही, तर पुढची वेळ तीन महिन्यांनी."

तीन महिने! आठ महिन्यांच्या लेकीची छाती महिनाभर घरघरत होती; फुप्फुसं नीट चालतात ना, हे कळल्याशिवाय आईला चैन नव्हतं. बाळ दवाखान्यात पटकन झोपावं म्हणून अख्खं घर सकाळपासून तिला जागं ठेवत होतं. बाबा कोलांट्या मारून दमले होते, आजोबांनी घोडा होऊन गुडघे सोलून घेतले होते. बाळ मात्र टवटवीत. एवढा फुकटचा तमाशा सोडून झोपेल कोण?

खोलीत अंधार केला. पाच मिनिटांत झोप लागली, ती आजोबांना. आणि घोरणं काय ते! टेबलावरची पेनं थरथरू लागली.

"यांना आधी बाहेर काढा," ताई कुजबुजल्या. "माझं मशीन नाजूक आहे हो!"

बाबांनी आजोबांना उठवून बाहेरच्या बाकावर बसवलं. दार लागलं मात्र, बाळानं असं भोकाड पसरलं की ताईंनी कानांवर हात ठेवले.

"फुप्फुसं चांगली दिसतायत," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" आई ओरडली आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! ही रोज दुपारी आजोबांच्या घोरण्यावरच झोपते की!"

आजोबांना परत आणलं. पण त्यांची झोप केव्हाच उडाली होती.

"घोरा ना जरा," बाबांनी विनवलं.

आजोबांनी मनापासून घोरून दाखवलं. बाळ खदखदून हसलं. नकली माल तिनं लगेच ओळखला.

मग काय करता? मुलगा बापाला थोपटू लागला, सुनेनं पांघरूण घातलं, आणि वीस वर्षांच्या नोकरीत ताईंनी पहिल्यांदाच अंगाई म्हटली, तीही सत्तरीच्या माणसाला. अखेर आजोबा खरेखुरे घोरले. तिसऱ्या घोरण्याला बाळाची मान कलली. ताईंनी अलगद मास्क ठेवला.

डॉक्टरबाईंनी अहवाल पाहिला. "फुप्फुसं ठणठणीत आहेत. घरघर सर्दीची आहे, जाईल." आईला रडूच फुटलं.

"पण आजोबांचं घोरणं मी बाहेरून ऐकत होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "श्वास मधेच अडकतोय. त्यांचीही झोपेतली तपासणी करू. सोमवारी आणा, आणि सकाळपासून झोपू देऊ नका."

"येईन की," आजोबा म्हणाले. "पण बाळ शेजारी नसलं की माझा डोळाच लागत नाही."

ताईंनी एक सुस्कारा सोडला, सोमवारच्या पानावर आजोबांचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'बाळासकट'.