पाच हजार मी

आदर्श वापरकर्ता म्हणून माझी निवड झाली होती, हे आधीच सांगून टाकतो! उभा जन्म ग्रंथालयाच्या काउंटरमागे, पुस्तकाआड तोंड लपवून काढलेल्या माणसाला असा मान रोज मिळत नाही. निवड केली ती माझ्या सुनेने. पण निवड ती निवड.

सुनेचं काम म्हणजे सॉफ्टवेअरवर भार टाकून ते कुठे मोडतं ते बघणं. तिच्या कंपनीने एका मोठ्या उद्योगासाठी सामानाची मागणी नोंदवायचं सॉफ्टवेअर केलं होतं. ते क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर चालायचं. सोमवारी पाच हजार कारकून एकदम त्यावर तुटून पडणार होते. ते तग धरतं, हे सुनेने शनिवारी दाखवायचं. नाही धरला, तर काम दुसऱ्या गटाकडे जाईल, असं तिच्या साहेबांनी बजावलं होतं. दोन वर्षांची मेहनत!

"बाबा, पाच हजार माणसं कुठून आणू?" ती म्हणाली. "म्हणून एकाचं काम नोंदवून घ्यायचं आणि त्याच्या पाच हजार नकला सोडायच्या. आमची पोरं बटणं फार भराभर दाबतात. मला शांत, नीटनेटका माणूस हवाय."

"मला जमेल का गं?"

"दोन डझन फायली मागवायच्या. चार मिनिटांचं काम. एरवी कराल तसंच करा."

ती फोनवर बोलायला आत गेली आणि चाळीस मिनिटांनी बाहेर आली.

"अजून चाललंय?"

"झालं, झालं!" मी घाईने हात मागे घेतले. तिलाही घाई होती. तिने नोंद न बघताच उचलली.

शनिवारी अकरा वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी, जेवणाच्या टेबलाशी बसलो. शेवटी काम माझ्या नकला करणार होत्या! पडद्यावर एक रेघ सरकत होती. ती खाली राहिली तर सॉफ्टवेअर चपळ, वर गेली तर आजारी. शंभर मी आत गेलो. रेघ आडवी. पाचशे मी गेलो. रेघेने मान उचलली. दोन हजार मी गेलो आणि रेघ मांजर मागे लागल्यासारखी सरळ वर चढली!

"हे काय?" सून किंचाळली. "आता तर कुठे दोन हजार झालेत!"

"एक होता तेव्हाच घर बंद पडायचं," स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब! सुनेने तो स्पीकरवर टाकला.

"चाचणी थांबव! आपल्यावर हल्ला झालाय! कुणीतरी अकरा-अकरा वेळा आत-बाहेर करतंय, दर वेळी मागण्यांची अख्खी यादी उपसतंय, दोन लाख नोंदी! चोरी चाललीय! सुरक्षावाल्यांनी सगळे दरवाजे बंद केलेत. सोमवार विसर आता!"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. मी वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेलो.

"बाबा?"

"साहेब," मी कागदाआडूनच म्हणालो, "तो हल्ला... मी आहे."

साहेबांनी चौकशीच सुरू केली.

"काका, तुम्ही अख्खी यादी कशाला उघडलीत?"

"माझी मागणी नोंदली गेली का, ते बघायला."

"पण 'नोंद यशस्वी' असं पडद्यावर आलं नाही?"

"आलं ना. पण असं कुणीही म्हणतं!"

"आणि अकरा वेळा बाहेर का पडलात?"

"बाहेर जाऊन आल्यावरही ती टिकून राहते का, ते बघायला. घराच्या कुलपाचंही मी असंच करतो."

मला वाटलं, आता सुनेची नोकरी गेली आणि माझं जेवण. पण साहेबांनी दीर्घ श्वास सोडला. "आपल्या गिऱ्हाइकाचे निम्मे कारकून हेच करणार आहेत," ते हळूच म्हणाले. "सोमवारी सगळं कोसळलं असतं."

सून केव्हाच खटाखट टाइप करायला लागली होती. "सापडलं! एक नोंद हवी असली तरी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन लाख चाळत बसतं!"

"म्हणजे सूचीच नाही?" मी वर्तमानपत्र खाली टाकलं. एरवी मी इतक्या मोठ्याने बोलत नाही. "अगं, एका पुस्तकासाठी सगळी कपाटं उपसतात का? कार्डांचा खण कुठाय तुमचा?"

"तेच करतेय, बाबा!"

तिने सूची बसवली. यादी पन्नास-पन्नास नोंदींनी उघडेल असं केलं. आणि मागणी नोंदली की तिचा क्रमांक पडद्यावर ठळक दिसेल, अशी सोय माझ्यासारख्यांसाठी केली. सुरक्षावाल्यांना कळवून रविवारी दुपारी पुन्हा पाच हजार मी आत सोडले. पाच हजार जणांनी अकरा-अकरा वेळा खात्री केली. रेघ दुपारी झोपलेल्या माणसासारखी आडवी!

सोमवार सुखरूप पार पडला. काम सुनेकडेच राहिलं. संध्याकाळी ती अहवाल घेऊन आली.

"बाबा, यात तुम्ही आहात."

मी चष्मा पुसला. वापरकर्त्यांचे प्रकार लिहिले होते. पहिला, साधारण. दुसरा, घाईचा. आणि अगदी तळाशी, 'याहून वाईट काही होऊ शकत नाही' या मथळ्याखाली एकच शब्द: बाबा.

छापील कागदावर मी पहिल्यांदाच आलो होतो! ऊर भरून आला. मी पान मिटलं, पुन्हा उघडलं. मिटलं, उघडलं.

"बाबा, तेच लिहिलंय. बदललं नाही."

"हो गं, माहीत आहे," म्हणालो, आणि तिची पाठ वळल्यावर एकदा शेवटचं बघून घेतलं.